भरीव धडाची विजेची गिटार : तिची रचना व पारख

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी आपली गिटार घेऊन आमच्यापाशीं आला आणि म्हणाला, "सर, ही शाळेलाच ठेवून घ्या." वडिलांनीं मोठ्या हौसेनें, पण बेताच्या पैशांत, ती त्यास घेऊन दिली होती. तीन आठवडे त्यानें रोज तासभर सराव केला. डाव्या हाताच्या बोटांस फोड आले, पहिल्या पडद्यावरील सूर कांहीं केल्या स्वच्छ निघेना, आणि शेवटीं "मला संगीत यावयाचें नाहीं" असा निष्कर्ष त्यानें स्वतःविषयीं काढला. आम्हीं ती गिटार ठेवून घेतली नाहीं. मात्र त्या मुलासह ती शास्त्राच्या प्रयोगशाळेंत नेली, एक बारीक खुणांची पोलादी मोजपट्टी काढली आणि सतराव्या पडद्यापाशीं तार व पडदा यांमधील अंतर मोजलें. तें तीन मिलिमीटरांहून थोडें अधिक भरलें. असावयास हवें होतें सुमारें दीड. दोष मुलाच्या कानांत नव्हता. तो घोडीवरील बारीक स्क्रूंत आणि दांडीच्या टोकाकडील खांचांत होता.

विजेची गिटार घ्यावयाची झाल्यास स्वस्त घ्यावी कीं थांबून महाग घ्यावी, हा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात. त्याचें उत्तर किमतीच्या चिठ्ठीवर नसून वाद्याच्या रचनेंत आहे. म्हणून प्रथम रचनेकडे वळूं.

साधी गिटार पोकळ असते. तार इतकी बारीक कीं ती एकटी हवेस फारसें हलवूं शकत नाहीं. तिचें कंपन घोडीवाटे पातळ फळीस मिळतें आणि फळी व आंतील हवा मिळून तो आवाज आपल्या कानापर्यंत पोंचवितात. वाद्यवृंदांत तुताऱ्या व ढोल वाजूं लागले कीं हा आवाज बुडून जातो. यावर अमेरिकेंत १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बोशँप व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनीं तारांजवळ लोहचुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें बसवून कंपनाचें रूपांतर विद्युत्प्रवाहांत केलें. त्यांचें वाद्य ॲल्युमिनियमचें, मांडीवर आडवें ठेवून वाजवावयाचें, आणि दिसावयास गोल कढईस लांब दांडा लावल्यासारखें होतें. लोकांनींही त्यास 'फ्रायिंग पॅन' हेंच नांव दिलें.

हेंच यंत्र पोकळ गिटारीस बसविल्यावर मात्र एक नवी अडचण उभी राहिली. कर्ण्यांतून निघालेला मोठा आवाज पातळ फळीस हलवी, फळी तारेस हलवी, तार पुन्हा प्रवाह पुरवी, आणि हें चक्र वाढत जाऊन सभागृहांत कर्कश आरोळी उठे. स्नेहसंमेलनांत मायक्रोफोन कर्ण्यासमोर आला म्हणजे जी शीळ ऐकूं येते तीच ही. मग फळी हवीच कशाला? आवाज वाढविण्याचें काम वीज करीत असतां लांकडानें केवळ तारा ताणून धरल्या तरी पुरे. लेस पॉल या वादकानें १९४० च्या सुमारास चार इंच जाडीच्या चौकोनी पाइन लांकडाच्या ओंडक्यास दांडी, तारा व पिकअप जोडून हें सिद्ध केलें. तो ओंडका विचित्र दिसतो म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंस एका मोडक्या गिटारीचे अर्धे अर्धे भाग त्यास चिकटवावे लागले; ते केवळ प्रेक्षकांच्या समाधानासाठीं!

परंतु ही कल्पना सामान्य माणसाच्या हातीं देण्याचें श्रेय कॅलिफोर्नियांतील फुलरटन गांवच्या लिओ फेंडर यांस आहे. हे गृहस्थ हिशेबनीसाचें शिक्षण घेतलेले आणि धंद्यानें रेडिओ-दुरुस्ती करणारे. त्यांस स्वतःस गिटार वाजवितां येत नसे. कदाचित् यामुळेंच त्यांनीं तिच्याकडे वादकाच्या भक्तीनें न पाहतां दुरुस्तीवाल्याच्या नजरेनें पाहिलें. जें झिजेल तें बदलतां आलें पाहिजे, आणि जें करावयाचें तें साध्या यंत्रांवर झालें पाहिजे. १९५० सालीं त्यांनीं बाजारांत आणलेली गिटार म्हणजे ॲश लांकडाची एक सपाट फळी, तिला चार स्क्रूंनीं आवळलेली मेपलची दांडी, आणि एक-दोन पिकअप. व्हायोलिन करणारे कारागीर दांडी सरसानें चिकटवितात, कमानदार पोट कोरून काढतात. येथें त्यांपैकीं कांहींच नाहीं. या गिटारीचें 'ब्रॉडकास्टर' हें नांव दुसऱ्या एका कंपनीच्या ढोलांच्या नांवाशीं जुळत असल्यानें बदलावें लागलें, व १९५१ मध्यें ती 'टेलिकास्टर' झाली. १९५४ मध्यें 'स्ट्रॅटोकास्टर' आली. तिच्या कडा कोपरास व बरगड्यांस बोंचूं नयेत म्हणून घासून उतरत्या केलेल्या आहेत. त्याच वर्षीं गिब्सन या जुन्या व भारदस्त कंपनीसही विद्यार्थ्यांसाठीं 'लेस पॉल ज्युनियर' ही एका पिकअपची, सपाट महोगनीची गिटार काढावीशी वाटली.

हा इतिहास आम्हीं थोडा लांबवून सांगितला, त्यास कारण आहे. भरीव गिटार ही एखाद्या महाग वाद्याची स्वस्त नक्कल म्हणून जन्मास आलेली नाहीं. कमी मेहनतींत, सुट्या भागांतून, एकसारखी हजारों करतां यावी, हाच तिचा मूळ हेतु होता. पोकळ गिटार स्वस्त करावयाची म्हणजे तिच्या फळीच्या जागीं प्लायवूड घालून तिचा आवाजच कमी करणें होय. भरीव गिटारीचें तसें नाहीं. तिच्या स्वस्तपणास सोसूं शकतील असे भाग पुष्कळ आहेत, आणि सोसूं शकणार नाहींत असे अगदीं थोडे. पारख करावयाची ती या थोड्यांची.

उदाहरण म्हणून 'स्क्वायर' या नांवाची 'ॲफिनिटी' मालिकेंतील स्ट्रॅटोकास्टर घेऊं. स्क्वायर हें मूळ तारा करणाऱ्या एका जुन्या अमेरिकन घराण्याचें नांव; फेंडर कंपनीनें तो धंदा १९६५ मध्यें विकत घेतला, आणि १९८२ पासून जपानांत बनविलेल्या आपल्या कमी किमतीच्या गिटारींवर तें नांव घालण्यास प्रारंभ केला. पुढें हें काम आशियांतील इतर देशांतही गेलें. या गिटारीचें धड पॉप्लर या हलक्या लांकडाचें, दांडी मेपलची व स्क्रूंनीं जोडलेली, पडदे एकवीस, पिकअप तीन, आवाजाची एक व स्वराच्या गोडी-तिखटपणाच्या दोन अशा तीन घुंड्या, आणि पांच जागीं सरकणारी एक पट्टी. मेरूपासून घोडीपर्यंत तारेची मोकळी लांबी २५॥ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. ही लांबी १९५४ च्या गिटारींत होती तीच आहे. स्वस्त करण्यासाठीं तींत एका केंसाचाही फरक केलेला नाहीं, व करून भागणारही नाहीं. कां, तें गणितानें पाहूं.

सप्तकांतील बारा स्वर समान अंतरांवर बसवावयाचे म्हणजे प्रत्येक पडद्यागणिक कंपसंख्या १.०५९४६ पट झाली पाहिजे, कारण या संख्येचा बारावा घात दोन येतो. यावरून पहिला पडदा मेरूपासून ३६.४ मिलिमीटरांवर येतो, दुसरा त्यापुढें ३४.३ मिलिमीटरांवर, आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरांवर. सतारीचा पडदा बेसूर वाटल्यास सरकवितां येतो. गिटारीचा येत नाहीं, तो लांकडांत ठोकलेला असतो. पेटीच्या सुरांप्रमाणें तो एकदां बसला तो बसला. पूर्वीं असे खांचे हातानें पाडीत, तेव्हां स्वस्त वाद्यांत चुका होत. आतां संगणकानें चालणाऱ्या यंत्रांमुळें स्वस्त व महाग दांडींतील हा फरक जवळजवळ नाहींसा झाला आहे. आमच्या मतें गेल्या चाळीस वर्षांत गरीब विद्यार्थ्याच्या गिटारीस झालेला सर्वांत मोठा लाभ हाच होय.

पिकअपचें कार्य दहावीचें भौतिकशास्त्र शिकलेल्यास सहज समजेल. सहा तारांखालीं सहा चुंबकीय खुंट, व त्यांभोंवतीं केंसासारख्या तांब्याच्या तारेचे कांहीं हजार वेढे. पोलादी तार चुंबकाजवळ हलली कीं वेटोळ्यांतून जाणारें चुंबकीय क्षेत्र बदलतें, आणि फॅरडेनें १८३१ मध्यें दाखविल्याप्रमाणें वेटोळ्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. घोडीजवळचा पिकअप तिखट, धातूसारखा आवाज देतो, तर दांडीजवळचा गोल व भरदार. कारण घोडीजवळ तारेचें मूळ कंपन लहान असतें व त्या मानानें वरचे सूक्ष्म स्वर अधिक ठळक असतात. आरंभीं पट्टीस तीनच जागा होत्या. वादक ती दोन जागांच्या मध्यें अडकवून ठेवीत व दोन पिकअपांचा एकत्र आवाज काढीत. हें पाहून १९७७ मध्यें कंपनीनें पट्टीस पांच जागा केल्या. वादकांच्या खोडीवरून कारखान्यानें धडा घ्यावा, असें क्वचितच घडतें.

लांकडाविषयीं दुकानांत फार बोलतात. धडाच्या लांकडानें विजेच्या गिटारीचा आवाज किती बदलतो यावर वादकांत मोठे वाद आहेत. पिकअप, तारा व ध्वनिवर्धक यांच्या तुलनेंत तो फरक लहान आहे, असें आमचें मत आहे. दांडीवरील पट्टीचें लांकूड मात्र बोटांस लागतें, म्हणून त्याकडे अवश्य पाहावें. पूर्वीं ही पट्टी बहुधा शिसवीची असे. शिसवीच्या सर्वच जातींच्या व्यापारावर २०१७ मध्यें आंतरराष्ट्रीय बंधनें आलीं, आणि पुष्कळशा स्वस्त गिटारींवर 'इंडियन लॉरेल' नांवाचें लांकूड दिसूं लागलें. हें परदेशी नांव ऐकून बुजण्याचें कारण नाहीं. हा आपला ऐन! सह्याद्रींत सुसरीच्या पाठीसारख्या सालीचा जो उंच वृक्ष दिसतो, आणि विदर्भांत ज्याच्या पानांवर टसरचे किडे पोसले जातात, तोच.

आतां मुख्य विषय, म्हणजे गिटार हातास कशी लागते. मिरजेचा कारागीर कितीही उत्तम सतार करो, जवारी लागल्याशिवाय ती बोलत नाहीं. तीच गोष्ट येथें आहे. कारखान्यांतून निघालेली स्वस्त गिटार हें पुष्कळदां जवारी न लावलेलें वाद्य असतें. महाग गिटारीच्या किमतींत या शेवटच्या तासाभराच्या मेहनतीचा मोठा वांटा असतो.

प्रथम दांडी पाहावी. सहा तारांची एकूण ओढ, बारीक तारा लावल्या असतांही, सुमारें ३८ किलो भरते. या ओढीनें दांडी धनुष्यासारखी वांकते. तिला आवरण्यासाठीं आंत ट्रस रॉड नांवाची पोलादी सळई असते. गिब्सन कंपनींतील थॅडियस मॅकह्यू यांस तिचें पेटंट १९२३ मध्यें मिळालें. दांडी अगदीं सरळही नसावी, कारण तार मध्यभागीं अधिक झोंके घेते व तिला जागा लागते. जाड तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळीं दाबून धरावी. तशा स्थितींत सातव्या-आठव्या पडद्यापाशीं तार व पडदा यांमध्यें पाव मिलिमीटर फट असावी. पोस्टकार्ड जेमतेम सरकेल, इतकी. फट अधिक असल्यास सळईचा नट घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें आवळावा. पण एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक नाहीं, आणि जोर लागूं लागला तर तेथेंच थांबावें. सळई तुटली तर दांडी गेली.

दुसरी गोष्ट मेरू, म्हणजे खुंट्यांकडील ज्या पट्टीच्या खांचांतून तारा जातात ती. तार दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यांच्या मध्यें दाबून पहिल्या पडद्यावर पाहावें. तेथें केंसाएवढी फट दिसली म्हणजे पुरे. आमच्या विद्यार्थ्याच्या गिटारींत तेथून जाड पुठ्ठा गेला असता! खांचा उंच राहिल्या होत्या, म्हणून पहिल्या पडद्यावर तार दाबण्यास दुप्पट बळ लागे, आणि दाबतां दाबतां ती ताणली जाऊन सूर चढे. नवशिक्याचे पहिले सर्व धडे पहिल्या तीन पडद्यांवर असतात. ज्या जागीं बोटें कोंवळीं तेथेंच वाद्य सर्वांत कठीण, अशी ही विपरीत योजना! खांचा घासण्याचें काम मात्र आम्हीं स्वतः केलें नाहीं. त्यास तारेच्या जाडीच्या वेगवेगळ्या कानशी लागतात, आणि एक खांच जास्त उतरली तर मेरू बदलावा लागतो. तें काम पुण्यांतील एका कारागिराकडून करवून घेतलें.

तिसरी गोष्ट तारांची उंची, जिला वादक 'ॲक्शन' म्हणतात. सतराव्या पडद्यावर तार सुमारें १.६ मिलिमीटर उंच असावी. स्ट्रॅटोकास्टरच्या घोडींत प्रत्येक तारेखालीं स्वतंत्र खोगीर व त्यास दोन बारीक स्क्रू असतात. षट्कोनी किल्लीनें ते फिरवून उंची कमी-अधिक होते. फार खालीं नेल्यास तार पडद्यांस लागून खर्जांत किरकिर होते. तेव्हां जेथें किरकिर सुरू होईल तेथून किंचित् वर, हा नियम. पिकअपही तारांच्या फार जवळ नसावेत. चुंबक तारेस ओढूं लागला कीं खर्जाचा सूर डगमगतो, आणि पुष्कळ जण याचा दोष तारांस देऊन नव्या तारा विकत घेतात.

चौथी गोष्ट सुराची. बाराव्या पडद्यावर तारेस केवळ बोट टेकवून वाजविल्यास घंटेसारखा एक स्वर निघतो. मग त्याच पडद्यावर तार दाबून वाजवावी. दोन्ही स्वर एकच असले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असल्यास खोगीर मागें घेऊन तार लांब करावी, उतरता असल्यास पुढें घ्यावें. क्रम मात्र आम्हीं सांगितला तोच ठेवावा. उंची बदलली कीं सूर बदलतो, आणि दांडी बदलली कीं सर्वच बदलतें.

आमच्या प्रयोगशाळेंत या कामास, कारागिराकडील फेरी वगळतां, दीड तास लागला. किल्ल्या गिटारीबरोबरच आलेल्या होत्या. त्या पिशवीच्या कप्प्यांत तशाच बंद होत्या.

स्वस्तपणा जेथें खरोखर बाधतो त्या जागा न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. खुंट्या थोड्या ढिल्या असतात, नवी तार ताणून बसेपर्यंत सूर वरचेवर उतरतो. घुंड्या वर्ष-दोन वर्षांत खरखरूं लागतात. घोडीस एक दांडा असतो, तो दाबला कीं सर्व तारा एकदम सैल होऊन सूर लवतो व सोडतांच वर येतो. स्वस्त गिटारींत तो पुरता मूळ जागीं परतेल याचा भरंवसा नसतो. (फेंडर यांनीं त्यास 'ट्रेमोलो' म्हटलें, वस्तुतः ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोराचें आंदोलन, सुराचें नव्हे. नांव चुकलें तें आजतागायत चुकलेंच आहे.) नवशिक्यानें मागील स्प्रिंगा आवळून घोडी लांकडावर टेंकवून ठेवावी व पहिलें वर्षभर त्या दांड्यास विसरून जावें. पडद्यांचीं टोकें मात्र दुकानांतच तपासावीं. दांडीच्या दोन्ही कडांवरून तळहात सावकाश फिरवावा. करवतीसारखें टोंचलें तर ती गिटार ठेवून दुसरी मागावी. आपल्याकडे हा दोष नागपूर-सोलापुराकडील उन्हाळ्यांत आपोआपही उद्भवतो. कोरड्या हवेंत लांकूड आंकसतें, धातु तेवढाच राहतो, आणि पडदे बाहेर डोकावूं लागतात. कोंकणांत व मुंबईस याच्या उलट. तेथें पावसाळ्यांत दांडी हालते व तारा गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानें प्रत्येक तार पुसावी, आणि ज्येष्ठांत व कार्तिकांत एकदां फट मोजावी.

तो विद्यार्थी आतां दहावींत आहे. त्याचीं बोटें टणक झालीं आहेत, तालांत अजून घाई करतो. गेल्या महिन्यांत तो पुन्हा तक्रार घेऊन आला, पण ती निराळी होती: ध्वनिवर्धक चालू केला कीं गिटार न वाजवितांही बारीक गुणगुण ऐकूं येते. ही गुणगुण आपल्या घरांतील विजेची आहे. तिचा प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तनें करतो, आणि एकेरी वेटोळ्याचा पिकअप तारेप्रमाणेंच त्या प्रवाहाचें क्षेत्रही टिपतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनीं १९५५ मध्यें दोन वेटोळीं उलटसुलट जोडून ती नाहींशी केली. पण त्या पिकअपचा आवाजही निराळा, अधिक जाड असतो, आणि स्ट्रॅटोकास्टरची ती कांचेसारखी धार त्यांत मिळत नाहीं. आम्हीं त्यास पंख्याच्या रेग्युलेटरपासून व ट्यूबलाइटपासून दूर बसावयास, आणि बसल्या जागीं सावकाश वळून गुणगुण कोणत्या दिशेस कमी होते तें पाहावयास सांगितलें. त्यास ती खिडकीकडे तोंड केल्यावर कमी झाली, असें तो दुसऱ्या दिवशीं सांगत आला.